‘रिजेक्ट’ दाबणारा माणूस : स्वायत्त शस्त्रांवर थोडा काथ्याकूट

लाइनवरचा_कॅमेरा · शनि, रात्री १०:४२

मंडळी, मी युद्धशास्त्रातला नाही. कारखान्यातल्या लाइनवर कॅमेरे बसवून खराब जॉब (म्हणजे तयार झालेला सुटा भाग) बाजूला काढणारी सिस्टीम बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरीही या विषयावर धागा काढतोय, त्याचं कारण आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी चाकणजवळ एका कारखान्यात आम्ही अशी सिस्टीम लावली. कास्टिंगवरची, म्हणजे ओतीव भागावरची, बारीक भेग कॅमेरा शोधणार, पण शेवटचा निर्णय माणसाचाच असला पाहिजे, ही मालकांची अट. म्हणून स्क्रीनसमोर एक ऑपरेटर बसवला. लाल चौकट आली की त्याने जॉब बघायचा आणि ‘ओके’ नाहीतर ‘रिजेक्ट’ दाबायचं. पहिल्या आठवड्यात पठ्ठ्या प्रत्येक जॉब हातात घेऊन नखाने खरवडून बघायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या मागे उभा राहून वेळ मोजली. चौकट उमटली की सेकंदाच्या आत बटण. जुलैत छपराचा पत्रा गळायला लागला, कास्टिंगवर पाण्याचे ओघळ आले, कॅमेऱ्याला ओघळ म्हणजे भेगा वाटल्या आणि एका शिफ्टमध्ये ढीगभर चांगला माल भंगारात गेला. त्यातल्या प्रत्येक जॉबवर माणसाने ‘रिजेक्ट’ दाबलेलं होतं. कागदोपत्री निर्णय माणसाचाच.

एप्रिल २०२४ मध्ये ‘+९७२’ या मासिकात गाझातल्या ‘लॅव्हेंडर’ नावाच्या सिस्टीमबद्दल वाचलं, तेव्हा मला तो ऑपरेटर आठवला. त्या वृत्तानुसार सिस्टीमने सुमारे ३७,००० लोकांना संशयित ठरवलं होतं. दहातला एक चुकतो हे ठाऊक असूनही एकेका नावावर अधिकारी साधारण वीस सेकंद देत होते, तेही बहुतेक वेळा लक्ष्य पुरुष आहे ना एवढंच बघण्यासाठी. इस्रायली सैन्याचं म्हणणं असं की ही लक्ष्यांची यादी नाही, माहिती ताडून पाहण्याचं साधन आहे. असेलही. पण ‘माणूस लूपमध्ये आहे’, म्हणजे शेवटचा निर्णय माणसाच्या हातात आहे, हे वाक्य ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर चाकणची ती खुर्ची येते.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्वतःच लक्ष्य शोधून मारणारं शस्त्र आज खरंच शक्य आहे का, की नुसत्या कंपन्यांच्या जाहिराती? आणि शक्य असेल, तर माणसाला लूपमध्ये ठेवणं म्हणजे नक्की काय ठेवणं?

---

गल्लीतला_गालिब · शनि, रात्री ११:०५

जागा पकडून ठेवतो. शेंगदाणे भाजायला टाकलेत.

---

सुभेदार_तोफची · रवि, सकाळी ६:२०

नमस्कार. हवाई संरक्षण तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. जे उघड आहे तेवढंच लिहितो.

‘शक्य आहे का’ हा प्रश्न उशिरा विचारलात. आपल्या युद्धनौकांवर एके-६३० नावाची रशियन तोफ आहे. सहा नळ्या, मिनिटाला चार-पाच हजार गोळ्या. पाण्यालगत येणारं क्षेपणास्त्र क्षितिजावर दिसतं तेव्हा ते पंचवीस-तीस किलोमीटरवर असतं. आवाजाच्या अडीच-पावणेतीन पट वेगाने येत असेल तर तुमच्या हातात अर्धं मिनिट. त्यात रडारने ओळखायचं, हिशेब करायचा, तोफ वळवायची. इथे माणसाला विचारत बसलं तर जहाज बुडालंच. म्हणून असल्या यंत्रणांना स्वयंचलित मोड असतो आणि तो अनेक दशकं आहे. अमेरिकेची फॅलँक्स त्याच जातीची.

हार्पीही जुनीच. इस्रायली बनावट, आपल्याकडेही आहे. सोडून दिली की घिरट्या घालते, शत्रूचं रडार चालू झालं की त्याच्या लहरी धरून त्यावर जाऊन पडते. कुठलं रडार, हे कोणी शेवटच्या क्षणी बोट दाखवून सांगत नाही.

माझं मत असं : क्षेपणास्त्रावर, रडारवर, बिनमाणसाच्या ड्रोनवर यंत्राने स्वतः मारा केला तर मला झोप लागते. माणसावर केला तर नाही.

---

लाइनवरचा_कॅमेरा · रवि, सकाळी ९:३१

सुभेदारसाहेब, धाग्याचं भाग्य! एक विचारू? तुमच्या काळात तोफेवर असताना ‘मारू की नको’ ठरवायला किती सेकंद मिळायचे?

---

मोटर_अन्_प्रॉपेलर · रवि, सकाळी ११:१०

मी शेतीफवारणीचे ड्रोन दुरुस्त करतो, त्यामुळे शक्यतेबद्दल लिहितो. नीतिमत्ता तुम्ही बघा.

युक्रेनमध्ये काय झालं ते समजून घ्या. दोन्ही बाजूंनी स्वस्तातले एफपीव्ही ड्रोन वापरले. चष्मा लावून माणूस उडवतो, नेऊन रणगाड्यावर आपटतो. मग दोन्ही बाजूंनी जॅमर लावले. आता ड्रोन रणगाड्याजवळ गेला की चित्र फाटतं, सिग्नल तुटतो, आणि शेवटच्या काहीशे मीटरमध्ये तो आंधळा होतो. यावर दोन तोडगे निघाले. एक, मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जायची, म्हणजे जॅम करायला काही उरतच नाही. दुसरा, उडवणाऱ्याने लांबूनच लक्ष्यावर चौकट लावायची आणि पुढचं अंतर ड्रोनने स्वतः कापायचं.

हा दुसरा तोडगा म्हणजे स्वायत्त शस्त्राचं बाळ. कोणी प्रयोगशाळेत बसून ‘चला, खुनी रोबो बनवू’ म्हणालं नाही. रेडिओ तुटतो म्हणून ते झालं. आज यंत्राने चौकट धरून ठेवायची, उद्या तीच चौकट यंत्राने लावायची. हार्डवेअर तेच, फरक सॉफ्टवेअरच्या अपडेटचा.

पण जाहिरातीत दाखवतात तेवढं सोपं अजिबात नाही. पिक्सेलचा पाठलाग करणारा ट्रॅकर झाडाच्या सावलीत गोंधळतो. धूर आला की चौकट घसरून शेजारच्या वस्तूवर चिकटते. त्यातून तिथे लाकडी तोफा आणि हवा भरलेले नकली रणगाडे उभे करून ठेवतात. मोकळ्या रानात उभा रणगाडा ओळखणं जमतं. रस्त्यावरून चालणाऱ्या दोघांपैकी सैनिक कोण आणि काठी घेतलेला म्हातारा कोण, हे ड्रोनमधल्या चार इंचाच्या संगणक-बोर्डवर जमत नाही. लाइनवरचा_कॅमेरा, तुमच्या पत्र्याखाली प्रकाश ठरलेला, जॉब ठरलेला, कोनही ठरलेला. तरी ओघळाने घात केला ना? रणांगणावर तर समोरचा मुद्दाम ओघळ सोडणारच.

---

संत्रानगरीवाला · रवि, दुपारी १२:४८

सगळे इस्रायल-युक्रेनचंच सांगून राहिले, आमच्या नागपूरचं नाव कोणी घेत नाही बाप्पा!

घिरट्या घालून लक्ष्यावर जाऊन पडणारं नागास्त्र-१ ड्रोन नागपूरचंच आहे. सैन्याने ४८० मागवले, पहिले १२० जून २०२४ मध्ये दिले. नऊ किलोचं, पाठीवर घेऊन जाता येतं, एक किलोचं स्फोटक. माणूस चालवत असला तर पंधरा किलोमीटर, स्वतः जात असलं तर तीस. आणि मला आवडलेली गोष्ट काय, की लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर ते परत बोलावता येते. पॅराशूट उघडून खाली उतरते, पुन्हा वापरा. काहून कोणी हे सांगत नाही?

---

मोटर_अन्_प्रॉपेलर · रवि, दुपारी १:०२

@संत्रानगरीवाला, भाऊ, मुद्दा पक्का. पण परत बोलवायला रेडिओ लागतो. जॅमिंग झालं की ‘परत ये’ सुद्धा पोचत नाही. म्हणजे जिथे यंत्राला मोकळं सोडायची गरज सर्वात जास्त, नेमका तिथेच लगाम सर्वात कच्चा.

---

राष्ट्र_प्रथम · रवि, दुपारी २:१५

नेहमीचंच रडगाणं. मे २०२५ ला विसरलात? ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन सोडले, असं आपल्याच सरकारने सांगितलं. त्या वेळी ‘माणसाने विचार करून बटण दाबावं’ म्हणत बसायचं? उद्या तीनशेच्या जागी तीन हजार येतील. चीन असली चर्चासत्रं भरवत नाही, बनवत सुटलाय. नीतिमत्ता जिंकलेल्याला परवडते.

---

सुभेदार_तोफची · रवि, दुपारी ४:४०

राष्ट्र_प्रथम, त्या रात्री जे पडले ते कोणी पाडले? त्यात बऱ्याच ठिकाणी आमची एल-७० तोफ होती. मूळ बोफोर्सची, माझ्या नोकरीच्या आधीपासूनची. तिला नवं रडार, नवी दुर्बीण बसवली आणि आकाशतीर या हवाई संरक्षणाच्या संगणकीय जाळ्याने सगळ्यांना एकच चित्र दाखवलं. यंत्राने भरपूर काम केलं. पण म्हणून काही तोफेवरचे जवान घरी गेले नव्हते.

आणि आकाशातही डोळे झाकून चालत नाही, हे माझ्याच सकाळच्या मताविरुद्ध सांगतो. मार्च २००३, इराक युद्ध. अमेरिकेच्या पॅट्रियटने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं, आतले दोघे गेले. यंत्राने त्याला रडारवर चाल करून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं, मित्र-ओळखीची खूण मिळाली नाही, आणि बसलेल्यांनी यंत्राचं ऐकलं. काही दिवसांनी त्याच यंत्रणेने अमेरिकेचंच एक लढाऊ विमान पाडलं.

---

कलम_आणि_पोटकलम · रवि, सायं ७:०५

वकिली पेशा, म्हणून जरा कंटाळवाणं लिहिते.

सुभेदारकाकांच्या उदाहरणाला जोड द्यायची तर ३ जुलै १९८८. अमेरिकेच्या व्हिन्सेन्स जहाजाने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली. तिथे उलटं झालं होतं. जहाजावरची एजिस ही रडार-संगणकाची यंत्रणा विमान वर चढतंय असंच दाखवत होती, आणि घाबरलेल्या माणसांनी ते आपल्यावर झेपावतंय असं वाचलं. म्हणजे ‘माणूस असला की सुरक्षित’ हेही खरं नाही. लाइनवरचा_कॅमेराजी, तुमच्या खुर्चीत बसलेल्याचा दोष कधी विश्वास ठेवण्याचा असतो, कधी घाबरण्याचा.

कायद्याला मात्र माणूस लागतो, तो वेगळ्या कारणासाठी. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच एमआय-१७ पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक नागरिक गेले. त्या सहांत आपल्या नाशिकचा वैमानिक होता. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, हवाई दलप्रमुखांनी चूक जाहीर मान्य केली, अधिकाऱ्यांवर कारवाई चालली. ९ मार्च २०२२ ला ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. तीन अधिकारी बडतर्फ झाले. दोन्ही ठिकाणी बोट ठेवायला माणूस होता. उद्या शस्त्राने स्वतः निवडलेलं लक्ष्य चुकलं तर कोणाला उभं करणार? कमांडर म्हणेल मला माहीत नव्हतं ते काय निवडेल. कंपनी म्हणेल वापर चुकला. प्रोग्रामर म्हणेल डेटा तुम्ही दिलात. फौजदारी कायद्यात मनातला हेतू सिद्ध करावा लागतो, आणि इथे मनच सापडत नाही.

भारताची भूमिका काय, हे इथे कोणीच विचारलं नाही म्हणून सांगते. जिनिव्हात २०१७ साली या विषयावर सरकारी तज्ज्ञांचा गट पहिल्यांदा बसला, तेव्हा अध्यक्षपदी आपलेच राजदूत अमनदीप सिंग गिल होते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या शस्त्रांबद्दल ठराव आला, तेव्हा १५२ देश बाजूने आणि चार विरोधात. त्या चारांत रशिया होता आणि आपण होतो. पुढच्या वर्षीच्या ठरावाला १६६ देश बाजूने, तीन विरोधात, आपण तटस्थ. आपलं म्हणणं असं की चर्चा जिनिव्हातच व्हावी आणि बंधनकारक कराराची घाई नको. जिनिव्हात एकमत लागतं, म्हणजे एकाने मान हलवली की गाडी थांबते. वकील म्हणून हा डावपेच मला कळतो. नागरिक म्हणून तितकासा पचत नाही.

---

राष्ट्र_प्रथम · रवि, रात्री ८:२२

म्हणजे आपण हात बांधून घ्यायचे आणि शेजाऱ्याने सोडायचे?

---

सातारची_लेक · रवि, रात्री ९:५०

कोणी हात बांधा म्हणत नाहीये हो. पण सगळे इतके नव्या यंत्रांत रमलेत की सर्वात जुनं स्वायत्त शस्त्र कोणालाच आठवलं नाही. भूसुरुंग. त्याला एकच सेन्सर, वजनाचा. एकच निर्णय, फुटायचं. माणूस लूपमध्ये फक्त पेरताना.

आमच्याकडे घरटी एक फौजी. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम झालं, सीमेवर सुरुंग पेरले, लढाई झालीच नाही, आणि मग ते काढायचं काम आलं. माझा मोठा मामा त्या कामात होता. सुरुंग आपला, नकाशा आपला, पेरणारी पलटण आपली. वाळू सरकली होती. डावा पाय घोट्याच्या वरून गेला. शत्रू कुठेच नव्हता. मामा आजही म्हणतो, ‘मला कोणी मारलंच नाही गं, ते तिथं होतं एवढंच.’

१९९७ च्या भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारावर आपण सही केलेली नाही. एवढी लांब सीमा आहे, कारणं मला कळतात. पण @राष्ट्र_प्रथम, शस्त्र शेजाऱ्यासाठी पेरलं म्हणून ते शेजाऱ्यालाच ओळखेल असं नाही.

---

राष्ट्र_प्रथम · रवि, रात्री १०:१५

मामांना नमस्कार सांगा. माझा मुद्दा कायम आहे, पण यावर उत्तर नाही माझ्याकडे.

---

पोथीतला_किडा · सोम, सकाळी ८:०३

कोणीतरी महाभारत आणणारच, तर मीच आणतो. सगळे अश्वत्थाम्याचं ब्रह्मास्त्र सांगतात, सोडता आलं पण आवरता आलं नाही ते. मला त्याचंच दुसरं अस्त्र जास्त लागू वाटतं. द्रोणवधानंतर त्याने नारायणास्त्र सोडलं. जितका प्रतिकार कराल तितकं ते पेटतं, आणि शस्त्र टाकून रथातून उतरलेल्याला सोडून देतं. कृष्णाने सगळ्यांना उतरायला लावलं. भीम ऐकेना, त्याला ओढून उतरवावं लागलं.

म्हणजे त्या काळच्या कल्पनेतसुद्धा स्वतः चालणाऱ्या अस्त्राला शरण आलेला माणूस ओळखता येत होता! आजच्या यंत्राला तेवढं जमतं का?

---

गल्लीतला_गालिब · सोम, सकाळी ८:१०

आलं महाभारत. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ हे अजून बाकी आहे, कोणीतरी लिहून टाका म्हणजे धागा पूर्ण होईल. (हलके घ्या, प्रतिसाद आवडला.)

---

कलम_आणि_पोटकलम · सोम, दुपारी १:१८

पोथीतला_किडा, तुमचा प्रश्न कायद्यातला अगदी मध्यवर्ती आहे. शरण आलेल्याला, जखमी होऊन पडलेल्याला मारणं हा युद्धगुन्हा. आणि याचं खरं उदाहरण आहे. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलाका बेटावर इराकी सैनिक अमेरिकेच्या पायोनियर ड्रोनला शरण गेले. तो ड्रोन युद्धनौकेच्या तोफांना नेम दाखवायला यायचा, म्हणजे तो दिसला की मागून गोळे येणार हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी पांढरी फडकी हलवली. ड्रोनला हत्यार नव्हतं. पलीकडे पडद्यावर माणूस होता, त्याला ते फडकं कळलं. यंत्रापुढे शरण जाऊन वाचले, कारण मागे कोणीतरी बघत होतं.

पांढरं फडकं, हात वर, गुडघ्यावर बसणं, बंदूक टाकणं, नुसतं रडणं. किती तऱ्हा शिकवाल कॅमेऱ्याला? आणि शिकवलंत, तर फसवायला तीच तऱ्हा करणारा निघणार. तेव्हा सैन्य म्हणणार, ती ओळख बंद करा.

---

लाइनवरचा_कॅमेरा · सोम, रात्री ९:२६

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्याच प्रश्नात खोट होती. मी ‘माणूस आहे की नाही’ विचारत होतो. आता वाटतं की त्याच्याकडे वेळ किती, यंत्राला माहीत नसलेलं त्याला काय माहीत, आणि ‘नाही’ म्हटल्यावर खरंच थांबतं का, हे विचारायला हवं. क्षेपणास्त्रापुढे वेळ नाही, पण तिथे यंत्राला लागतं तेवढं बऱ्यापैकी माहीत असतं. माणसांवर चालणाऱ्या शस्त्रात वेळ काढता येतो, तो मुद्दाम काढला जात नाही. यंत्राच्या शिफारशीवरून माणसावर मारा करायचा असेल तर मी तरी नाहीच म्हणेन. राष्ट्र_प्रथम, तुमच्या तीन हजार ड्रोनवर यंत्र सोडा, माझी हरकत नाही.

चाकणचं पुढे काय झालं हेही कोणीतरी विचारलं होतं व्यनित (खाजगी निरोपात). आम्ही लाइनचा वेग कमी केला, आणि मुद्दाम ओळखीचे चांगले जॉब लाल चौकट लावून मध्येच घुसडायला लागलो. ऑपरेटरने ते रिजेक्ट केले की पडद्यावर त्यालाच कळायचं. दोन आठवड्यांत तो पुन्हा जॉब हातात घ्यायला लागला. मालक मात्र वैतागले, माल कमी निघतो म्हणून. चार महिन्यांनी वेग पुन्हा पहिल्यासारखा.

सुभेदारसाहेब, माझा सेकंदांचा प्रश्न राहिला.

---

सुभेदार_तोफची · मंगळ, सकाळी ५:५५

राहिला नाही, हिशेब करत होतो.

खालून येणारं विमान सेकंदाला अडीचशे मीटर. आठ किलोमीटरवर दिसलं तर तुमच्याकडे बत्तीस सेकंद. तोफेचा पल्ला साडेतीन-चार किलोमीटर, म्हणजे अर्धा वेळ तिथेच गेला. ओळख, हुकूम, नेम वजा करा. राहिले आठ-दहा. म्हणून आधीच दर्जा ठरलेला असतो : वेपन्स फ्री (आपलं नाही ते पाडा), वेपन्स टाइट (शत्रूचं नक्की असेल तरच), वेपन्स होल्ड (हुकूम किंवा स्वसंरक्षणाशिवाय नाही). विचार शांतपणे आधी करून ठेवायचा, आणि त्या क्षणी फक्त पाळायचा. यंत्रालाही असं बांधता येईल, एवढं तुमच्या बाजूने म्हणतो.

आता दुसरं. एका सरावात, उंचावरच्या एका ठाण्यावर, ढगातून आवाज आला. पडद्यावर ठिपका, ओळखीची खूण येत नाही, दिशा चुकीची. सरावातलं ‘शत्रू’ विमान त्याच सुमाराला येणार होतं. पोरगा म्हणाला, साहेब, लॉक. सराव होता, गोळा सुटणार नव्हता, पण नोंद होते. मी थांब म्हणालो. कारण विचारलं तेव्हा मला सांगता येईना. नंतर लक्षात आलं. सकाळी लंगरचा स्वयंपाकी रॉकेल संपल्याची कुरकुर करताना म्हणाला होता, आज गुरुवार, हेलिकॉप्टर आलं तर रॉकेल येईल. खराब हवेमुळे ते दुसऱ्या खिंडीतून आलं होतं, म्हणून दिशा चुकीची. आपलंच होतं. रॉकेल आणि टपाल घेऊन.

लंगरातली कुरकुर कुठल्या डेटात घालणार, ते तुम्ही कॅमेरेवाले बघा.

---

सातारची_लेक · मंगळ, सकाळी ७:३०

काका, तुमचं पत्र होतं का त्यात?

---

सुभेदार_तोफची · मंगळ, सकाळी ७:४१

नाही. रॉकेल होतं.